रंगलेली चूक

नाटकवाल्यांचा एक अलिखित नियम आहे: चूक रंगली तर ठेवायची. एखाद्याच्या हातून कप निसटला आणि प्रेक्षक हसले, की पुढच्या प्रयोगापासून तो कप रोज निसटतो. दिग्दर्शक चारचौघांत असा चेहरा करतो की कप त्यानेच सुचवला होता, आणि मॅनेजर कप घाऊकात आणायला लागतो. या नियमावर अजून कोणी प्रबंध लिहिलेला नाही, याचं कारण प्रबंध लिहिणाऱ्यांच्या चुका सहसा रंगत नाहीत.

ज्या नटाची ही हकीकत, त्याचं अर्धं आयुष्य अशाच एका चुकीवर तगलं होतं. एका कौटुंबिक नाटकात तो बापाचं काम करायचा. दुसऱ्या अंकाच्या शेवटी मुलगा घर सोडून जातो आणि बाप खिडकीपाशी उभा राहतो. एका प्रयोगाला दाढी चिकटवायचा गोंद त्याच्या डाव्या डोळ्यात गेला आणि नेमकं खिडकीपाशी त्या एकाच डोळ्यातून पाणी आलं. त्याने ते मनगटाच्या कडेने पुसलं आणि मग मनगटाकडे पाहिलं, कारण गोंद कुठवर उतरलाय ते त्याला बघायचं होतं. थिएटर चिडीचूप झालं. पुढच्या रांगेत कोणा बाईंना हुंदका फुटला. पडदा पडल्यावर दिग्दर्शक म्हणाला, "आजचं ते ठेव."

ते त्याने वर्षानुवर्षं ठेवलं. गोंदाशिवाय पाणी काढायची युक्तीही शोधली: जांभई येऊ द्यायची, ओठ मिटून ती गिळायची आणि पापणी लववायची नाही. डावा डोळा आधी भरतो; उजव्याची पाळी येईस्तोवर पडदा पडतो. वर्तमानपत्रांनी त्याला 'एका डोळ्याने रडणारा बाप' म्हटलं. धंद्यातले लोक नुसतं 'डावा डोळा' म्हणायचे. लोक ज्याला बापाचं काळीज म्हणत होते ती एक गिळलेली जांभई आहे, याचं त्याला सुरुवातीला हसू यायचं. पुढे हसू येईनासं झालं. मग खिडकीपाशी उभं राहून तो परतीच्या बसचा विचार करायला लागला, आणि पन्नाशी गाठेपर्यंत तोही करायचं सोडून दिलं.

त्याचा थोरला भाऊ लिफ्टच्या देखभालीच्या कंपनीत होता. हा दादा इमारतीच्या भिंतीला कान लावून कुठली दोरी ढिली पडलीय ते सांगायचा, आणि रविवारी दुपारी एका जुन्या हॉटेलच्या चहाच्या हॉलमध्ये बास वाजवायचा. बास म्हणजे माणसाहून उंच, चार तारांचं, व्हायोलिनच्या आजोबांसारखं दिसणारं वाद्य. ते वाजत असताना कोणाच्या लक्षात येत नाही. थांबलं की खोलीतलं काहीतरी कमी झाल्यासारखं वाटतं. सोबत एक पियानो आणि एक ड्रम. तिघं मिळून जॅझ वाजवायचे. म्हणजे एक ठरलेलं गाणं सगळ्यांनी मिळून सुरू करायचं, मग आळीपाळीने एकेकाने ते मनाला येईल तिकडे फिरवून आणायचं, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून होतं तिथे परत ठेवायचं.

रविवारी दुपारी नटाचाही प्रयोग असायचा. त्यामुळे दोघे भाऊ एकाच वेळी, पायी जाण्याच्या अंतरावर, आपापल्या लोकांसमोर उभे असायचे आणि दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं.

"येतो रे एकदा," नट म्हणायचा.

"ये की. मी काय पळतोय? बास घेऊन कोण पळेल?"

वहिनींनी मात्र नाटक तीनदा पाहिलं होतं. त्या रक्त तपासणीच्या लॅबमध्ये होत्या आणि संध्याकाळी मोकळ्या असायच्या. दीर एवढा नावाजलेला म्हटल्यावर लॅबमधल्या मैत्रिणींना घेऊन जावं लागायचं. तिन्ही वेळा त्यांनी नंतर तेच सांगितलं, "भावोजी, काम चांगलं झालं." त्यापेक्षा जास्त त्या रक्ताच्या रिपोर्टातही लिहीत नसत.

दादा गेला तो एका कामाच्या दिवशी सकाळी, हॉस्पिटलमध्ये, हृदयाच्या कारणाने. डॉक्टर बाहेर आला, काय सांगायचं ते त्याने सांगितलं आणि पुढच्या खोलीत गेला. वहिनी बाकावर बसल्या होत्या. नट खिडकीपाशी उभा होता. त्याच्या डाव्या डोळ्यात पाणी आलं. त्याने ते मनगटाच्या कडेने पुसलं आणि मग मनगटाकडे पाहिलं.

वहिनी त्याच्याकडे बघत होत्या.

"भावोजी," त्या म्हणाल्या, आवाज अजिबात न चढवता, "इथे तिकीट नाही."

एवढं बोलून त्या उठल्या आणि सह्या करायला गेल्या. नट खिडकीपाशीच राहिला. आपण जांभई गिळली होती का, हे तो आठवून बघत होता. आठवेना. पाणी आपोआप आलं असेल, किंवा त्याने आणलं असेल, किंवा इतक्या वर्षांत दोन्हींतला फरकच उरला नसेल. उजवा डोळा कोरडाच होता. पडदा पडेल म्हणून तो वाट बघत होता की काय कोण जाणे, पण तिथे पडदा नव्हता. काचेला निळ्या पट्ट्या होत्या आणि खाली कोणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं.

त्याला काही वाटलं नाही. काही वाटत नाही याचंही काही वाटलं नाही.

पुढच्या रविवारच्या प्रयोगाला खिडकीपाशी जांभई आली नाही. दिग्दर्शकाने विंगेत गाठून विचारलं, "काय झालं रे?"

"जांभई नाही आली."

दिग्दर्शकाला ती थट्टा वाटली, म्हणून तो हसला. त्यानंतरच्या दोन प्रयोगांनाही डोळा कोरडा राहिला तेव्हा हसला नाही. "अरे, लोक त्या डोळ्यासाठी येतात," तो म्हणाला. "बाकी तुझ्यात आहे काय?" नटाने यावर प्रामाणिकपणे विचार केला आणि काम सोडलं. त्याच्या जागी आलेला नट उजव्या डोळ्याने रडायला लागला. समीक्षकांनी लिहिलं की भूमिकेला नवा अर्थ मिळाला आहे.

मधे एकदा तो वहिनींकडे गेला. हॉलमध्ये, टीव्ही आणि बाल्कनीच्या दाराच्या मधोमध, बास भिंतीला टेकून उभा होता. त्याला वळसा घालूनच घरात फिरावं लागत होतं.

"वहिनी, बास मी नेऊ का?"

"तुम्हाला वाजवता येतो?"

"नाही."

"मग?"

"दादाची आठवण म्हणून."

वहिनींनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. "हे कुठल्या अंकातलं?"

त्या चहा ठेवायला उठल्या आणि स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "राहू दे इथेच. पायात येतो, पण येऊ दे. माझी खात्री झाली की सांगेन मी."

"कसली खात्री?"

"तुम्हाला भाऊ होता याची."

घरी येऊन त्याने हे बायकोला सांगितलं. त्याची बायको ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. दिवसभर अनोळखी माणसांच्या शेजारी बसून, स्वतःच्या पायाखालच्या जादा ब्रेकच्या जोरावर, ती शांत राहायला शिकली होती.

"मग? होता की नव्हता?" तिने विचारलं.

"होता ना."

"मला नको पटवूस. मी त्याच्याबरोबर जेवलेय."

खात्री नटालाही हवीच होती. फरक एवढाच, की वहिनींना ती बाहेरून हवी होती आणि त्याला आतून. आणि आत जाऊन चौकशी करावी, तर कोणी दार उघडत नव्हतं.

नाटक सुटल्यामुळे आता रविवार दुपार मोकळी होती. त्या हॉटेलात दादाचं उंच स्टूल आणि तारा पुसायचं फडकं राहिलं होतं. ते आणायला म्हणून तो गेला. चहाचा हॉल लांबट होता. पांढरे टेबलक्लॉथ, कोपऱ्यात एक उघडा पियानो, आणि बशीत चमचा वाजू नये म्हणून काळजी घेणारी माणसं. पियानोवाला दिवसा दातांचा डॉक्टर होता, ड्रमरचं टायरचं दुकान होतं. दोघे वाजवत होते. दादाच्या जागी स्टूल रिकामंच होतं.

गाण्याच्या मध्यावर पियानो थांबला. ड्रमही थांबला, फक्त ड्रमरचा डावा पाय एक झांज बारीक मिटत-उघडत राहिला. दोघे खाली बघून बसले होते. हा दादाच्या सोलोचा भाग होता, म्हणजे त्याने एकट्याने वाजवायची जागा. ती त्यांनी त्याच्यासाठी मोकळी सोडली होती. दादा गेल्यापासून दर रविवारी ते असंच करत होते आणि चहा पिणाऱ्यांना वाटायचं की ही नवी पद्धत असावी.

नटाला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला एवढंच दिसलं की लोकांसमोर दोन माणसं गप्प बसली आहेत. रंगमंचावरची शांतता म्हणजे कोणीतरी वाक्य विसरलंय, आणि सोबतचा माणूस विसरला तर आपण सावरून घ्यायचं, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. तो उभा राहिला आणि गायला लागला. गाण्याची चाल तोवर दोनदा वाजून गेली होती. शब्द येत नव्हते म्हणून त्याने तोंडाला येतील ते आवाज काढले. आवाज चांगला होता. नाटकात गाण्याच्या जागा त्याने निभावल्या होत्या. मेलेल्या भावाच्या सोलोवर तो शेवटपर्यंत गायला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पियानोवाल्याने पियानोचं झाकण लावलं. "ती जागा कोणाची होती माहितेय?"

"नाही."

त्याने सांगितलं. नट स्टुलाकडे बघत राहिला. आपण माफी मागावी असं त्याला सुचलं, पण माफीची जी वाक्यं त्याला येत होती ती सगळी पाठ केलेली होती.

"बरं झालं म्हणा," ड्रमर म्हणाला. "लोक विचारायला लागले होते, मशीन बंद पडलं का म्हणून."

पियानोवाला म्हणाला, "पुढच्या रविवारी या. गळा आहे तुम्हाला. नवी बासवालीही येतेय, रिकामी जागा किती दिवस वाजवायची?"

अशा रीतीने, वयाच्या ज्या टप्प्यावर माणसं रक्तातली साखर मोजायला लागतात, त्या टप्प्यावर नट जॅझ गायक झाला. चूक रंगली होती आणि ती ठेवण्यात आली.

सराव पियानोवाल्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत व्हायचा. पहिली अडचण आवाजाची आली. शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय असल्यामुळे नट माइकसमोर असा गायचा, की दाढ काढायला आलेला पेशंट बाहेर उठून बसायचा.

"शेवटच्या रांगेला ऐकवू नका," पियानोवाला म्हणाला. "आपल्याकडे शेवटची रांग तिसऱ्या टेबलावर आहे आणि ती सँडविच खातेय."

दुसरी अडचण शब्दांशिवाय गायची होती. जॅझमध्ये गाणारा मधेच शब्द टाकून नुसते आवाज घेतो.

"इथे काहीही म्हणा. डू, बा, दी. जे येईल ते."

"हे कोण बोलतंय?" नटाने विचारलं.

"कोण म्हणजे?"

"म्हणजे पात्र कोण आहे? त्याला काय हवंय?"

"त्याला डूबा हवंय."

"का पण?"

पियानोवाल्याने चष्मा काढून पुसला. "हे बघा, मी रोज माणसांना तोंड उघडायला सांगतो. ती 'आ' करतात. इतक्या वर्षांत एकानेही मला 'आ'मागचा हेतू विचारलेला नाही."

नव्या बासवालीला हसू आलं. ती बँकेत कर्जाच्या विभागात होती, आणि हेतू विचारायची तिला दिवसभर सक्ती असल्यामुळे इथे तरी सुटका होईल अशी तिची अपेक्षा होती.

नट मेहनती होता. त्याने घरी जाऊन स्वतःसाठी सुचण्याची तयारी केली. कुठे 'डू', कुठे 'बा', कुठे सूर ओढताना किंचित हसायचं, कुठे आता-काय-बरं-घ्यावं म्हणून क्षणभर थांबायचं, हे सगळं त्याने ठरवलं आणि चोख बसवलं. पहिल्या रविवारी हॉलमधले लोक खूश झाले. दुसऱ्या रविवारी तो त्याच जागी हसला, त्याच जागी थांबला. तिसऱ्या रविवारी ड्रमरने त्याच्या त्या उत्स्फूर्त हसण्यावर बरोबर झांज वाजवली.

"साहेब," ड्रमर नंतर म्हणाला, "तुमची सहजता फार टिकाऊ आहे. मी टायरलासुद्धा एवढी गॅरंटी देत नाही."

पण लोकांना काय, एकच माणूस दर रविवारी थोडाच येतो. बोलबाला झाला. दुसऱ्या हॉटेलने बोलावलं, एका कंपनीच्या समारंभाला चौघांना नेलं, एका नव्या कॅफेच्या पाटीवर त्याचा फोटो लागला. आधी फोटोखाली 'अभिनेता व जॅझ गायक' असं असायचं; वर्ष उलटता उलटता 'अभिनेता' आधी कंसात गेला आणि मग पडला. एका परीक्षणात लिहून आलं की त्याच्या गाण्यात न ठरवता येणाऱ्या गोष्टींचा आनंद आहे. ते कात्रण पियानोवाल्याने दवाखान्यात लावलं, तोंड सुन्न होण्याची वाट बघणाऱ्यांसाठी.

नटालाही एकूण तसंच व्हायचं. सुई टोचलेल्या गालासारखं. बोट लावलं तर आपलं कोणीतरी दाबतंय हे कळतं, लागत मात्र नाही. सकाळी उठायचा, दूध आणायचा, आवाजाचे व्यायाम करायचा, बायकोचा डबा भरायचा. दादाचा फोन यायची वेळ झाली की फोनकडे बघायचा आणि मग फोन वाजत नाही हे बघायचा. त्यात दुःख नव्हतं. पाण्याची टाकी भरली का बघावं तसं ते बघणं होतं.

"तू गाताना सारखा आरशात बघतोस," बायको एकदा म्हणाली. ती हॉटेलात येऊन ऐकून गेली होती.

"तिथे आरसा कुठाय?"

"तेच म्हणतेय. शिकाऊ लोकांचं हेच होतं. मागचं बघत बसतात आणि समोरच्याला ठोकतात."

तिनेच वहिनींना बोलावलं. परस्पर फोन केला आणि जेवताना सांगून टाकलं, "वहिनी येतायत रविवारी."

"का?"

"मी म्हटलं, या. त्या म्हणाल्या, एकदा ऐकते. वर्षभर त्या बासला वळसा घालतायत, त्यांनाही कंटाळा आला असेल."

रविवारी वहिनी आल्या. खांबाजवळच्या टेबलावर बसल्या आणि कॉफी मागवून पर्स मांडीवर घट्ट धरली. नटाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्याची सगळी तयारी होती. त्या दिवशीचं तिसरं गाणं घरातून निघून गेलेल्या माणसाबद्दल होतं. त्यात एक ओळ होती की खुंटीवरचा कोट अजून तुझ्याच खांद्यांच्या मापाचा आहे. तिथे आवाज किती उतरवायचा आणि 'खांद्यां'वर किती रेंगाळायचं, हे त्याने आठवडाभर घोटलं होतं.

खुंटी आली आणि पुढचं गेलं.

एवढ्या कारकिर्दीत तो कधी ओळ विसरला नव्हता. सगळे नट अशा वेळी करतात तेच त्याने केलं: डावीकडे पाहिलं. नाटकात डाव्या विंगेत प्रॉम्प्टर बसतो, विसरलेलं वाक्य हळूच पुरवणारा माणूस. इथे डावीकडे बासवाली होती. आणि जॅझवाल्यांमध्ये गाणाऱ्याने असं बघितलं की त्याचा अर्थ एकच, आता तू घे. तिने मान हलवली आणि सोलो सुरू केला.

पियानो मागे सरला. ड्रमरने काठ्या ठेवून हलक्या आवाजाचे तारेचे ब्रश घेतले. हॉलमध्ये एकटा बास उरला. जाड, सावकाश, जिना उतरणाऱ्या माणसासारखा. नट माइकसमोर उभा होता. आपल्याला काही करायचं नाहीये हे त्याला कळायला वेळ लागला. मग त्याचे हात खाली आले आणि तसेच राहिले. तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं. त्याने सावरून घेतलं नाही. ही दादाची जागा होती, हे त्याला माहीत होतं. दादा इथे काय वाजवायचा, हे त्याला माहीत नव्हतं, आणि आता कळण्याचा काही मार्ग नव्हता. हे त्याला एखाद्या दुकानाची सुट्टीची पाटी वाचावी तसं समजलं. डोळे दोन्ही कोरडे होते.

सोलो संपला. त्याला ओळ आठवलीच नव्हती, म्हणून त्याने एकदम शेवटची ओळ गायली आणि गाणं आटोपलं. टाळ्या नेहमीपेक्षा उशिरा आल्या आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ टिकल्या.

वहिनी पर्स काखेला लावून पियानोपाशी आल्या.

"तुम्ही विसरलात."

"हो."

"मग मधे काय करत होतात?"

"काही नाही. उभा होतो."

"हं." त्यांनी बासवालीकडे, तिच्या बासकडे, मग पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. "पुढच्या रविवारी येते."

"परत?"

"एकदा आलेला रिझल्ट आम्ही लिहीत नाही. तोच नमुना दुसऱ्यांदा लावून बघायचा असतो."

त्या गेल्यावर ड्रमरने नटाच्या पाठीवर थाप मारली. "साहेब, आजचं ते ठेवा."

नटाने पियानोवाल्याकडे पाहिलं. निदान हा तरी नाही म्हणेल असं त्याला वाटलं असावं.

"ठेवायला हरकत नाही," पियानोवाला म्हणाला. "कोटाशी थांबायचं, डावीकडे बघायचं, हात सोडून द्यायचे. फार चांगलं दिसलं. मला पेशंटची आठवण झाली, पण फार चांगलं दिसलं."

बासवाली म्हणाली, "मग मी तयार राहू ना? नक्की?"

नट म्हणाला, बघू.

तो आठवडा नेहमीसारखाच गेला. बुधवारी दाढी करताना त्याच्या लक्षात आलं की रेझर बाजूला ठेवून आपण आरशासमोर हात लोंबकळत सोडून बघतोय. हात उत्तम लोंबत होते. तोंड किती उघडं असावं, तेही जमलं होतं. डावीकडे बघितल्यावर गिझरचं बटण दिसत होतं. बायको दारात येऊन उभी राहिली होती.

"वहिनींसाठी?" तिने विचारलं.

त्याने हात वर घेतले आणि उरलेली दाढी केली.

"विसरलास ते खरं होतं ना?"

"हो."

"मग आता काय करणारेस?"

"आता ओळ पाठ आहे," तो म्हणाला.

बायकोने आत येऊन गिझर बंद केला.

रविवारी वहिनी त्याच टेबलावर बसल्या. कॉफीही तीच मागवली. तिसरं गाणं सुरू झालं. खुंटी जवळ आली तेव्हा नटाला दिसलं की सगळे तयार आहेत: ड्रमरने काठ्या सोडून ब्रश उचललेत, पियानोवाला पट्ट्यांवरून हात अर्धे काढून बसलाय, बासवाली मान वर करून त्याच्या नजरेची वाट बघतेय. खांबाजवळ वहिनींनी कप बशीत ठेवला. अख्ख्या हॉलमध्ये फक्त त्यानेच काय करायचं ते बाकी होतं, आणि ते करणं त्याला अतिशय सोपं होतं.

ओळ आठवत होती. त्याने ती गायली. डावीकडे बघितलं नाही, आवाज उतरवला नाही, खांद्यांवर रेंगाळला नाही. कोट खुंटीवर आहे आणि तो तुझ्या मापाचा आहे, एवढी माहिती सांगावी तशी सांगून तो पुढे गेला. सोलोच्या तयारीत असलेल्या बासवालीचा एक सूर निसटला आणि मधेच उघडा पडला. ड्रमरला ब्रश टाकून घाईने काठ्या शोधाव्या लागल्या. त्या गोंधळात पुढचं ठरवलेलं हसूही राहून गेलं. गाणं कसंबसं जागेवर येऊन थांबलं. टाळ्या वाजल्या, पण वाढपी बिल आणतोय का हे बघत वाजवतात तशा.

"ठेवायला हवं होतं," पियानोवाला हळू म्हणाला.

"हो," नट म्हणाला.

वहिनींनी कॉफी संपवली आणि त्या आल्या.

"ओळ आठवली?"

"आठवली."

"आज काही बरं झालं नाही."

"नाही झालं."

"मागच्या वेळी बरं होतं."

"हो."

"परत करता आलं असतं तुम्हाला."

"आलं असतं," तो म्हणाला. "चांगलं आलं असतं."

वहिनींनी पर्स उघडली, आत काहीतरी बघितलं आणि बंद केली. दादा गेल्यापासून त्यांना कोणी रडताना पाहिलं नव्हतं, आणि त्या दिवशीही कोणी पाहिलं नाही. "आज वेळ आहे का?" त्या म्हणाल्या. "असला तर येऊन बास घेऊन जा. पायात येतो."

बायको ड्रायव्हिंग स्कूलची गाडी घेऊन आली, कारण घरची गाडी नव्हती. पुढची डावी सीट पूर्ण मागे पाडून बास तिच्यावर आडवा केला; त्याची मान मागच्या सीटपर्यंत आली. वहिनी फाटकापाशी उभ्या राहून, उजवीकडे घ्या, सांभाळून, खुंट्या आपटतील, असं सांगत होत्या. बायकोने बासला सीटबेल्ट लावला. नट मागे, बासच्या मानेशेजारी, गुडघे पोटाशी घेऊन बसला.

"पोचल्यावर फोन करा," वहिनी म्हणाल्या. दादालाही त्या हेच सांगायच्या.

"करतो."

बायको हळू चालवत होती. गतिरोधक आला तशा बासच्या चारही तारा एकदम घुमल्या. नटाने सवयीने हात पुढे करून त्या दाबल्या. आवाज बंद झाला.

"लागला का कुठे?" बायकोने आरशात बघून विचारलं.

"नाही. वाजतोय."

"मग वाजू दे की."

त्याने हात काढून घेतला. घरापर्यंत अजून बरेच गतिरोधक होते.